ऑपेरातील स्त्रीकंठ आणि त्यांची नावे

पाश्चात्त्य संगीताची एखादी ध्वनिमुद्रिका हाती घेतली, की गायिकेच्या नावापुढे सोप्रानो, मेझो-सोप्रानो किंवा काँट्राल्टो असा एक शब्द छापलेला आढळतो. वकिलाच्या पाटीवर पदवी असावी तसा तो दिसतो, आणि आपण धरून चालतो की हा भेद निसर्गानेच केलेला असला पाहिजे. उंच आवाजाची ती सोप्रानो, मधल्या आवाजाची ती मेझो आणि खालच्या आवाजाची ती काँट्राल्टो. शब्दकोश उघडला तर तोही एवढेच सांगून मोकळा होतो. आमच्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे. गळे निरनिराळ्या घडणीचे असतात हे कोणीच नाकारणार नाही; परंतु ही नावे मुळात गळ्यांना पडलेली नाहीत. ती आधी कागदावरच्या ओळींना पडली, मग एकेका नामांकित गायिकेवरून पडली आणि सरतेशेवटी नाट्यगृहाच्या करारपत्रात जाऊन बसली. नाव आणि गळा यांचा मेळ जेव्हा जेव्हा बसला नाही, तेव्हा तेव्हा त्याची किंमत मात्र गळ्यालाच मोजावी लागली.

हा प्रश्न आपल्याकडे का उद्भवला नाही, हे आधी पाहिले म्हणजे तिकडची अडचण नीट समजेल. आपली गायिका मैफलीला बसली की पेटीवाला तिला विचारतो, "कोणती पट्टी?" ती म्हणते काळी चार, नाहीतर काळी पाच. तंबोरे त्या स्वरात लागतात, आणि गळ्याला सोसेल तेथे षड्ज धरून ती हवा तो राग गाते. राग गळ्याजवळ येतो. गळ्याला रागाच्या मागे धावावे लागत नाही. गंगूबाई हनगल यांचा आवाज तरुणपणी बारीक होता, पुढे घशाच्या दुखण्यानंतर आणि त्यावरील उपचारानंतर तो भारी आणि खोल झाला. त्यांनी पट्टी खाली घेतली आणि तेच राग त्या आयुष्यभर गात राहिल्या. ऑपेरात अशी सोय नाही. तेथे रचनाकाराने प्रत्येक स्वर कागदावर कायमचा लिहून ठेवलेला असतो, साठसत्तर वादकांचा वाद्यवृंद त्याच स्वरात वाजत असतो, आणि गायिकेला बरोबर त्याच उंचीवर गावे लागते. गंगूबाई ऑपेरात असत्या, तर त्या आजारानंतर त्यांच्या हातच्या साऱ्या भूमिका गेल्या असत्या. म्हणून तिकडे गळा आणि भूमिका यांची गाठ घालून देणारा एखादा शब्द लागतो.

तो शब्द आला कोठून? नाट्यगृहातून नव्हे, चर्चमधून; आणि तोही अशा काळी की जेव्हा चर्चच्या गायनात बाईला तोंड उघडण्याची मुभाच नव्हती. मध्ययुगाच्या उत्तरार्धात युरोपात एकाच वेळी अनेक चाली एकमेकींवर रचून गाण्याची पद्धत रूढ झाली. त्यांतील मूळ धर्मगीताची चाल जो आवाज दीर्घ स्वरांत धरून ठेवी, त्याला लॅटिनमधील धरणे या अर्थाच्या धातूवरून टेनॉर म्हणत. त्याच्या जोडीला लिहिलेली ओळ ती कॉन्ट्राटेनॉर. पंधराव्या शतकात या जोड-ओळीचे दोन भाग झाले: टेनॉरच्या वरचा तो आल्टुस, म्हणजे उंच, आणि खालचा तो बासुस, म्हणजे खोल. सर्वांत वरची ओळ ती सुपेरियुस. तिचीच इटालियन भाषेत सोप्रानो झाली. आता गंमत अशी, की आल्टो शब्दाचा मूळ अर्थ उंच असा आहे, आणि आज तो स्त्रियांच्या सर्वांत खालच्या आवाजाला लावतात. हा विरोधाभास एका गोष्टीने सुटतो. तो आवाज उंच होता तो पुरुषांच्या मानाने. कारण गाणारे सारे पुरुषच होते. वरच्या ओळी मुलगे म्हणत, बारीक कृत्रिम आवाज काढणारे पुरुष म्हणत, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून रोममध्ये वृषणोच्छेद केलेले गायक म्हणू लागले. या गायकांना कास्त्राती म्हणत. स्त्रीकंठाची आजची नावे ही अशी स्त्रिया गैरहजर असताना ठरलेली आहेत.

मेझो-सोप्रानो, म्हणजे अर्धी किंवा मधली सोप्रानो, या शब्दाचेही तसेच. जुन्या स्वरलेखनात पाच रेघांपैकी सी हा स्वर कोणत्या रेघेवर आहे हे दाखवणारी एक खूण आरंभी काढीत. पहिल्या रेघेवर असेल तर ती सोप्रानोची खूण, दुसऱ्या रेघेवर असेल तर मेझो-सोप्रानोची, तिसऱ्या रेघेवर असेल तर आल्टोची. नकलनविसाला वरखाली जादा रेघा काढाव्या लागू नयेत, एवढाच त्यातला हेतू. कागद वाचवण्याची ही युक्ती पुढे माणसांच्या गळ्यांवर शिक्का होऊन बसेल, असे त्या नकलनविसांच्या स्वप्नातही आले नसेल.

ऑपेराचा जन्म सोळावे शतक सरता सरता फ्लॉरेन्स येथे झाला. मॉन्तेव्हेर्दीचा 'ऑर्फेओ' १६०७ साली मांतुआ येथे झाला, आणि १६३७ साली व्हेनिस येथे तिकीट काढून कोणीही जावे असे पहिले सार्वजनिक ऑपेरागृह उघडले. स्त्रिया रंगभूमीवर आल्या, निदान व्हेनिसमध्ये तरी आल्या. पोपच्या राज्यात त्यांना बंदी राहिली व तेथे स्त्रीभूमिकाही कास्त्राती करीत. पण ज्या ठिकाणी स्त्रियांना मज्जाव नव्हता, तेथेही नायकाचे काम कास्त्रातोकडेच असे. बालगंधर्वांच्या भूमिका आठवणाऱ्या पिढीच्या घरांतून पुरुषाने स्त्रीच्या वेषात गाणे हे नवल राहिलेले नाही. तेथे मात्र सीझर, अलेक्झांडर असे रणधुरंधर वीर स्त्रीकंठाच्या उंचीवर गात आणि प्रेक्षकांना त्यात काही विपरीत वाटत नसे. हेंडेलच्या १७२४ सालच्या 'ज्यूलिओ चेझारे'त सीझरचे काम सेनेसीनो या आल्टो कास्त्रातोने केले आणि क्लिओपात्राचे फ्रांचेस्का कुत्सोनी हिने. उंच आवाज म्हणजे बाईचा आवाज, हे समीकरण त्या काळी नव्हतेच. उंच आवाज म्हणजे वरिष्ठाचा आवाज.

त्या दिवसांत गायिकेची खरी ओळख तिच्या आवाजाच्या जातीवरून नसून दर्जावरून होई. पहिली बाई आणि दुसरी बाई, म्हणजे प्रीमा दोन्ना आणि सेकोंदा दोन्ना, हे भेद सर्वांना कळत. कोणाला किती पदे, कोणाचे पद अंकाच्या शेवटी, यावर मारामाऱ्या होत. लंडनमध्ये १७२७ साली कुत्सोनी आणि फाउस्तीना बोर्दोनी या दोघींच्या चाहत्यांनी नाट्यगृहातच असा दंगा केला की खेळ आटोपता घ्यावा लागला. दोघी एकमेकींच्या झिंज्या ओढीत होत्या ही कथा मागाहून रंगवलेली. दंगा प्रेक्षकांचा होता. त्याच वर्षी लंडनला आलेल्या क्वान्ट्स या जर्मन बासरीवादकाने दोघींच्या आवाजांचे वर्णन करून ठेवले आहे, आणि त्यात फाउस्तीनाच्या आवाजाला मेझो-सोप्रानो म्हटले आहे. पण हे एका जाणकाराचे निरीक्षण झाले. तेवढ्यावरून तिला कोणी दुय्यम कामे दिली नाहीत. हेंडेलने दोघींच्या पदांचे वजन तराजूत घातल्यासारखे सारखे ठेवले.

मोझार्टपर्यंत हीच स्थिती होती. १७८६ साली व्हिएन्नात झालेल्या 'फिगारोच्या विवाहा'त काउंटेस, तिची दासी सुझाना, प्रौढ मार्चेलीना, पोरसवदा केरुबीनो आणि माळ्याची मुलगी बार्बारीना अशा पाच भूमिका स्त्रियांनी गायच्या आहेत. मोझार्टच्या लेखी पाचही सोप्रानो. त्यांतल्या बार्बारीनाचे काम करणारी आना गॉटलीब तर अवघी बारा वर्षांची होती. आज कोणत्याही मोठ्या नाट्यगृहात गेलात, तर केरुबीनो आणि मार्चेलीना बहुधा मेझो गाताना दिसतील. मोझार्टचा एकही स्वर बदललेला नाही. नावे तेवढी बदलली. याचा अर्थ आजची मंडळी चूक करतात असा नव्हे. अर्थ एवढाच, की सोप्रानो हा शब्द मोझार्टला जेवढा सैल होता तेवढा आपल्याला राहिलेला नाही.

तो आवळला गेला एकोणिसाव्या शतकात, आणि याला पहिले कारण कास्त्रातींचा अस्त हे होय. त्यांच्या वीरनायकांच्या भूमिका रिकाम्या पडल्या, त्या काही काळ खालच्या आवाजाच्या स्त्रियांनी उचलल्या. रॉसीनीला हा गडद, भरीव स्त्रीकंठ विलक्षण प्रिय होता. १८१३ सालचा त्याचा 'तांक्रेदी' हा चिलखत घातलेला वीर एका काँट्राल्टोसाठी लिहिलेला आहे. इतकेच नव्हे, तर १८१६ सालच्या 'सेव्हिलच्या न्हाव्या'तील रोझीना ही अवखळ तरुण नायिकाही त्याने जेलत्रूदे रिगेत्ती-जॉर्जी या काँट्राल्टोसाठीच रचली. पुढे काय झाले पाहा. शतक जसे पुढे सरकले, तशी नायिका म्हणजे उंच, नाजूक आवाजाची, अशी समजूत दृढ झाली. आणि उंच आवाजाच्या गायिकांनी रोझीनाची पदे वर चढवून, त्यांवर आपल्या तानांची झालर लावून, ती भूमिका बळकावली. कित्येक दशके युरोपातील प्रेक्षकांना रोझीना ही चिमणीसारखी किलबिलणारी मुलगी आहे असेच वाटत राहिले. १९२०च्या दशकात कोंचिता सुपेर्व्हिया या स्पॅनिश मेझोने ती पुन्हा मूळ उंचीवर आणली, तेव्हा लोकांच्या ध्यानात आले की ही मुलगी पोपटपंची करणारी नसून चांगली धूर्त आहे. आवाजाची जात बदलली की पात्राचा स्वभावच पालटतो, याचे याहून सोपे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण ग्लुकच्या 'ऑर्फेओ'चे. १७६२ साली व्हिएन्नात हे काम गायतानो ग्वादाञी या आल्टो कास्त्रातोने केले. १७७४ साली ग्लुकने ते पॅरिससाठी उंच टेनॉर पुरुषाकरिता पुन्हा लिहिले, कारण फ्रेंचांना कास्त्राती सहन होत नसत. आणि १८५९ साली बेर्लियोझने दोन्ही आवृत्त्यांची सांगड घालून ते पोलिन व्हियार्दो या थोर गायिकेसाठी सिद्ध केले. तेव्हापासून पत्नीच्या शोधात पाताळात उतरणारा तो पती रंगभूमीवर बहुधा स्त्रीच्याच कंठातून रडत आला आहे. कॅथलीन फेरियर ही इंग्रज काँट्राल्टो १९५३च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये हीच भूमिका करीत असता कर्करोगाने पोखरलेले तिच्या मांडीचे हाड प्रयोगातच मोडले. तिने तशीच उभी राहून भूमिका पुरी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती गेली.

आता जरा गळ्याकडे वळू. आवाजाची जात ओळखायची म्हणजे पाहायचे काय? सामान्य श्रोता म्हणेल, वरचा कोणता स्वर लागतो ते. पण वरचा स्वर एकदा लागणे निराळे आणि तेथे बिऱ्हाड करून राहणे निराळे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कोणीही धावत जाऊन येईल; तेथे तीन तास उभे राहा म्हटले तर पाय कापू लागतात. भूमिकेतील बहुसंख्य स्वर ज्या टापूत मुक्काम करतात, त्या टापूला इटालियन लोक टेसितूरा म्हणतात, आणि गळ्याची परीक्षा तेथे होते. दुसरी खूण म्हणजे सांधा. खालचे स्वर छातीत घुमतात, वरचे डोक्यात. मध्ये कोठेतरी स्वरयंत्राला आपली पकड बदलावी लागते. हा सांधा सोप्रानोच्या गळ्यात वर असतो, मेझोच्या थोडा खाली, काँट्राल्टोच्या आणखी खाली. तिसरी खूण स्वराचा पोत आणि वजन, म्हणजे भरल्या वाद्यवृंदावरून आवाज पलीकडे जातो की नाही ते. या तिन्ही खुणा एकाच दिशेने बोट दाखवतील तर प्रश्न मिटला. पण पुष्कळदा त्या दाखवीत नाहीत. वर स्वर आहे, पण मुक्काम खाली. पोत गडद, पण सांधा वरचा. असे गळे दुर्मिळ नाहीत, आणि वर्गवारीची खरी कसोटी अशा गळ्यांपाशीच लागते.

कोर्नेली फाल्कोन ही अशीच एक. जन्म १८१४ चा. अठराव्या वर्षी, १८३२ साली, ती पॅरिस ऑपेरात मायरबेअरच्या 'रोबेर ल दियाब्ल'मध्ये उभी राहिली आणि शहर तिच्यामागे वेडे झाले. आवाज विलक्षण: खाली मेझोसारखा काळोखा आणि भरदार, वर सोप्रानोसारखा लखलखीत. १८३५ साली आलेव्हीने 'ला ज्युईव्ह'मधील राशेल तिच्यासाठी लिहिली. १८३६ साली मायरबेअरने 'ले ह्युग्नो'मधील व्हालान्तीन तिच्यासाठी लिहिली. नाट्यगृह प्रचंड, वाद्यवृंद प्रचंड, ऑपेरा पाच पाच अंकांचे, आणि मुलगी विशीतली. १८३७च्या मार्चमध्ये नीडरमेयरच्या 'स्त्रादेला' या नव्या ऑपेराचा प्रयोग चालू होता. समोरच्या नटाने प्रश्न केला. उत्तराचे पद तिचे. तिने तोंड उघडले आणि स्वर उमटलाच नाही. प्रेक्षकांदेखत ती कोसळली. वय तेवीस. मग औषधे झाली, इटलीची हवा झाली, नाना वैद्यांचे नाना उपाय झाले. १८४० साली ती एकदा परत उभी राहिली. लोकांनी जुन्या प्रेमाने दाद दिली, पण आवाजाचे राखेशिवाय काही उरलेले नव्हते. पुढे ती १८९७ पर्यंत, म्हणजे साठ वर्षे, गाण्यावाचून जगली.

असे का झाले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जो आवाज स्वभावतः मधल्या टापूचा होता, त्याच्याकडून रात्रीमागून रात्री वरच्या मुक्कामाची कामे घेतली गेली. कारण पहिली नायिका म्हटली की ती सोप्रानो, हे ठरून गेले होते. आणि यातला दैवाचा खेळ असा, की तिचा आवाज नष्ट झाल्यावर फ्रेंचांनी त्या जातीच्या आवाजाला तिचेच नाव दिले. आजही फ्रेंच नाट्यगृहांत भारदस्त, गडद, मेझोकडे झुकणाऱ्या सोप्रानोला 'फाल्कोन' म्हणतात. तत्पूर्वी लुईझ-रोझाली द्युगाझोन या नटीवरून हलक्याफुलक्या भूमिकांना 'द्युगाझोन' हे नाव पडले होते. तरुणपणच्या कामांना तरुण द्युगाझोन आणि उतारवयातील कामांना आई द्युगाझोन. आपल्याकडे नुसते नाव घेतले की गायकीची एक तऱ्हा डोळ्यांपुढे उभी राहते, तसेच हे.

त्याच सुमारास गळ्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारा एक शिक्षक पॅरिसमध्ये बसला होता. मान्वेल गार्सिया हा पोलिन व्हियार्दो आणि मारिया मालिब्रान या दोघी नामांकित गायिकांचा भाऊ. १८४१ साली स्वीडनची येनी लिंड त्याच्याकडे आली. वय वीस, मायदेशी मोठी कीर्ती, अखंड प्रयोगांनी आवाज फाटलेला. त्याने तिला प्रथम शिकवण्याचेच नाकारले. सहा आठवडे एक स्वरही काढू नकोस, मग ये, म्हणून सांगितले. तिने ते पाळले. त्याच्या हाताखाली तिचा आवाज परत उभा राहिला आणि सारे जग तिच्या गाण्याने भारले. पुढे १८५०च्या दशकात याच गार्सियाने दंतवैद्याच्या चिमुकल्या आरशाने सूर्यप्रकाशात स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले आणि १८५५ साली ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. घसा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या आरशाची कथा अशी एका गवयापासून सुरू होते. तो १०१ वर्षे जगला. फाल्कोन त्याच्याकडे वेळेवर गेली असती तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

नावे आवळली जाण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते पुस्तकांतून फारसे सांगितले जात नाही. खुद्द स्वरच वर सरकत होते. आपल्या पेटीवरील पांढरी सहा, म्हणजे पाश्चात्त्यांचा ए, हा स्वर अठराव्या शतकात शहरागणिक निराळा होता. वाद्यवृंदांनी अधिक चमकदार वाजावे म्हणून एकोणिसाव्या शतकात तो चढत चढत गेला, आणि गायकांच्या नरड्याला फास बसू लागला. अखेर फ्रान्सच्या सरकारने एक समिती नेमली. तीत रॉसीनी, मायरबेअर, बेर्लियोझ अशी माणसे होती. १८५९ साली ए म्हणजे सेकंदाला ४३५ कंपने, असा हुकूम निघाला. पुढे १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० हा आकडा मान्य झाला. जी भूमिका लिहिली तेव्हा एका गळ्याच्या आवाक्यात होती, ती पन्नास वर्षांनी त्याच जातीच्या गळ्याला जाचक झाली असेल, तर दोष गळ्याचा म्हणता येणार नाही.

बेलीनीच्या 'नोर्मा'कडे पाहा. १८३१ साली मिलानमध्ये नोर्माचे काम जुदित्ता पास्ताने केले आणि तरुण अदाल्जीझाचे जूलिया ग्रीझीने. पास्ताचा आवाज मुळात खालचा, परिश्रमाने वर ताणलेला. ग्रीझी स्वच्छ सोप्रानो, पुढे तीच नोर्मा गाऊ लागली. म्हणजे मोठी बाई गडद आणि धाकटी उजळ. नंतरच्या काळात हे उलटले: नोर्मा सोप्रानोची आणि अदाल्जीझा मेझोची, असा दंडकच पडला. वयाने धाकटी मुलगी थोरलीपेक्षा जाड आवाजात बोलू लागली आणि शंभर वर्षे कोणाला ते खटकले नाही! २०१३ साली चेचीलिया बार्तोली या मेझोने नोर्मा आणि सुमी जो या उंच सोप्रानोने अदाल्जीझा अशी ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा मूळचा रंग पुन्हा कानी आला. ती सर्वांना रुचली असे नाही. सवयीचे बळ मोठे असते.

व्हेर्दीच्या हाती मेझोला स्वतःचे घर मिळाले. १८५३ सालच्या 'इल त्रोवातोरे'तील आझुचेना, 'दोन कार्लोस'मधील एबोली, १८७१ साली कैरोत झालेल्या 'आईदा'मधील आम्नेरिस या भूमिकांना सोप्रानोच्या खालची जागा म्हणून दिलेली नाही. त्या तिच्या समोर उभ्या ठाकलेल्या आहेत. मात्र त्याबरोबर एक वाटणीही कायम झाली. सोप्रानोने प्रेम करावे व मरावे, मेझोने सवत, आई, चेटकीण व्हावे नाहीतर पोरग्याची विजार घालावी. १८७५ साली बिझेची कार्मेन आली तेव्हा मेझोला प्रेम करण्याची आणि मरण्याची परवानगी मिळाली. वाग्नरबद्दल येथे एवढेच सांगून पुढे जातो, की त्याच्या अफाट वाद्यवृंदापुढे उभी राहू शकेल अशी पोलादी सोप्रानो ही नवीच जात त्याने जन्माला घातली.

या सर्व नावांना कायद्याचे रूप दिले ते जर्मनांनी. जर्मनीत लहान लहान शहरांतूनही नाट्यगृहे आहेत आणि त्यांच्यापाशी बारमाही पगारी कलावंत असतात. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत जसे राजापार्ट, स्त्रीपार्ट ठरलेले असत, तसे जर्मन नाटक मंडळ्यांतही प्रत्येक नटाचे कामाचे खाते ठरलेले असे. या खात्याला फाख म्हणतात. ही नाटकवाल्यांची पद्धत ऑपेराने उचलली. सोप्रानोचेच पाच-सहा पोटभेद झाले: तानांची, खट्याळ दासीची, भावगीतात्म, तरुण करुणोदात्त, अत्युच्च करुणोदात्त, शिवाय मेझो आणि आल्टो यांचे निराळे. १९५१ साली रुडॉल्फ क्लॉयबर याचे 'हांडबुख डेअर ओपर' निघाले; त्यात कोणती भूमिका कोणत्या खात्यात याच्या याद्याच दिल्या आहेत, आणि नाट्यगृहांचे व्यवस्थापक पंचांगासारखे ते पुस्तक पाहू लागले. या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिचा एक गुण आम्हांस मोठा वाटतो. करारात खाते लिहिलेले असले, की बावीस वर्षांच्या हलक्या गळ्याला व्यवस्थापक उद्या वाग्नर गा म्हणून फर्मावू शकत नाही. फाल्कोनच्या पाठीशी असा कागद नव्हता.

उलट बाजूही आहे. १९४९च्या जानेवारीत व्हेनिसच्या फेनीचे नाट्यगृहात मारिया कालास ही पंचवीस वर्षांची गायिका वाग्नरच्या 'व्हाल्क्यूरे'तील ब्रुनहिल्डे गात होती. म्हणजे सर्वांत जड खाते. त्याच नाट्यगृहात पुढे व्हायच्या 'इ पुरितानी'ची हलक्या तानांची नायिका आजारी पडली. वाद्यवृंदाचे वृद्ध संचालक तुल्यो सेराफीन यांनी कालासला ते काम शिकायला सांगितले. हातात आठवडा नव्हे. एकीकडे ब्रुनहिल्डेचे प्रयोग, दुसरीकडे एल्वीराची तालीम. आणि एकाच महिन्यात तिने दोन्ही पार पाडली. सारी इटली अवाक् झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पास्ता, मालिब्रान यांच्यासारख्या गायिकांना अशी खाती ठाऊकच नव्हती, हे लोक विसरून गेले होते. कालासमुळे कितीतरी बंद पडलेले ऑपेरा पुन्हा रंगभूमीवर आले. मात्र तिचा आवाजही चाळिशीच्या आतच डळमळू लागला. १९६५च्या जुलैत लंडनमध्ये 'तोस्का' गाऊन तिने ऑपेराची रंगभूमी सोडली. खात्याबाहेर गायल्यामुळे आवाज गेला असे काही म्हणतात, शरीर झपाट्याने रोडावल्यामुळे गेला असे दुसरे म्हणतात. यात निकाल देण्याचे धाडस आम्ही करीत नाही. एवढे खरे, की त्या महिन्याभरात तिने जे केले ते करारपत्राच्या हिशेबाने अशक्य होते.

काँट्राल्टोची कथा मात्र आटत गेलेल्या नदीसारखी आहे. रॉसीनीनंतर तिच्यासाठी नायिका कोणी फारशा लिहिल्याच नाहीत. म्हाताऱ्या, ज्योतिषिणी, पृथ्वीमाता एवढेच वाट्याला आले. काम नाही म्हणून नाव नको, असे होऊन पुष्कळ खालच्या गळ्यांच्या मुली आपणास मेझो म्हणवतात. मेरिअन अँडरसन हे त्या जातीचे विसाव्या शतकातील महान नाव. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका होण्याचा मान तिला मिळाला तो ७ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि भूमिका कोणती? व्हेर्दीची भविष्य सांगणारी उल्रिका; एका अंकाचे काम. इतकी वर्षे दार बंद राहिले ते वर्णामुळे, यात शंका नाही. पण दार उघडल्यावरही तिच्या आवाजाच्या नावावर द्यायला घरात एवढेच शिल्लक होते.

आपल्या बहुतेक गायिका काळी चार-पाचमध्ये षड्ज लावतात. पाश्चात्त्य मोजमापाने त्यांचा मुक्काम मेझो आणि काँट्राल्टो यांच्या टापूत पडेल. मुंबईच्या ज्या ऑपेरा हाउसमध्ये पूर्वी मराठी संगीत नाटके रंगली, ते दीर्घकाळ बंद राहून २०१६च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडले, तेव्हा गायला मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ होत्या, आणि त्या सोप्रानो आहेत. तो आवाज आणि मैफलीतील आवाज एकापाठोपाठ एक ऐकावेत. मात्र ऐकताना वरचा स्वर किती उंच गेला हे न मोजता, गायिका कोणत्या मजल्यावर सुखाने वावरते आणि सांध्यापाशी तिचा स्वर कसा वळतो, तेथे कान ठेवावा.